पेट क्लिनिकचं वार्षिक हेल्थ पॅकेज: घ्यावं की सुटं सुटं करावं?

मुंबई-पुण्यात, आणि आता नाशिक-नागपुरातही, बऱ्याच पेट क्लिनिकांत ‘पपी’, ‘किटन’, ‘अ‍ॅडल्ट’ आणि ‘सीनियर’ अशी वार्षिक पॅकेजं मिळतात. वर्षाचे पैसे एकदम भरायचे आणि त्यात लसी, जंताचं औषध, एखादी रक्ततपासणी, नखं कापणं, वर ग्रूमिंगची एक आंघोळ फुकट. हा रिव्ह्यू कुठल्या एका क्लिनिकचा नाही, या सेवेचा आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: पिल्लासाठी पॅकेज परवडू शकतं, मधल्या वयात सहसा परवडत नाही, आणि म्हाताऱ्या जनावराच्या पॅकेजमध्ये नेमकी हवी ती तपासणी अनेकदा नसते.

दरपत्रकावर ज्याला एकच ओळ मिळते, ‘डॉक्टर कन्सल्टेशन’, तीच खरं तर पॅकेजमधली सगळ्यात मोलाची गोष्ट. नीट केलेल्या तपासणीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आधी वजन, आणि ते काट्यावर, अंदाजाने नाही. मग ओठ वर करून मागच्या दाढांपर्यंत बघणं, हिरडी बोटाने दाबून पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजणं (दोन सेकंदांपेक्षा जास्त लागू नये), जबड्याखालच्या, खांद्यापुढच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी चाचपणं, छाती दोन्ही बाजूंनी ऐकणं, पोट हाताने तपासणं, कानात दुर्बिणीने पाहणं, पंजांच्या बोटांमध्ये गोचीड शोधणं. मादीच्या प्रत्येक सडाखाली बोट फिरवायचं, नराच्या दोन्ही अंडगोळ्या खाली उतरल्यात का बघायचं. यातलं काहीच न होता दोन मिनिटांत सुई टोचून झाली असेल, तर तुम्ही पॅकेज नाही, फक्त लस विकत घेतलीत. ती सुटी स्वस्त पडते.

पिल्लाचं पॅकेज

इथे पहिली गोष्ट मोजायची ती लसींची संख्या नाही, शेवटच्या लसीचं वय. आईच्या चिकातून पिल्लाला मिळालेली प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते आणि तेवढा काळ ती लसीलाही निकामी करते. कुठल्या पिल्लात ती आठव्या आठवड्यात संपेल आणि कुठल्यात चौदाव्या, हे बाहेरून कळत नाही. म्हणून लहान पाळीव जनावरांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेची, म्हणजे वसावाची (WSAVA), मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करा, दर दोन ते चार आठवड्यांनी देत राहा, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्या. त्यापुढचा बूस्टर वर्षाची वाट न पाहता सव्वीस आठवड्यांच्या आसपास दिला, तर आधीचे डोस वाया गेलेलं पिल्लूही सुटत नाही.

आता पॅकेज बघा. ‘तीन डोस’ लिहिलेलं असतं. सहाव्या, नवव्या आणि बाराव्या आठवड्यात तिन्ही संपतात, लसीच्या पुस्तकावर ‘कोर्स कम्प्लीट’चा शिक्का बसतो, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात पिल्लू पार्व्हो या विषाणूने सलाईनवर येतं. मालक म्हणतो लस बोगस होती. लस चांगली असते, वेळ चुकलेली असते. सहाव्या आठवड्यात सुरुवात केली तर चार डोस लागतात. नवव्या-दहाव्या आठवड्यात केली तर तीन पुरतात. पॅकेज घेताना विचारायचा प्रश्न एवढाच: शेवटचा डोस कितव्या आठवड्यात देणार?

दुसरा घोळ आकड्यांचा. ‘सेव्हन-इन-वन’पेक्षा ‘नाइन-इन-वन’ भारी, असा समज दुकानापासून क्लिनिकपर्यंत पसरलेला आहे. कुत्र्याला खरोखर संरक्षण हवं ते तीन विषाणूंपासून: डिस्टेंपर, पार्व्हो आणि अ‍ॅडिनोव्हायरस; चौथी लस रेबीजची, वेगळ्या बाटलीतून. नऊचा आकडा लेप्टोचे जास्त प्रकार आणि कोरोना धरून भरतो. हा कुत्र्यांचा आतड्यांचा कोरोना आहे, माणसांच्या साथीशी त्याचा संबंध नाही, आणि त्याची लस वसावा शिफारशीत धरत नाही. त्या एका घटकासाठी जास्त पैसे मोजू नका. लेप्टोसाठी मात्र मोजा. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरणारा हा जंतू मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात घरचाच पाहुणा आहे. जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्येही त्याचे रुग्ण वाढले होते. लेप्टोचे पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि पुढे दरवर्षी एक. एकच डोस देऊन सोडलेलं पिल्लू सुरक्षित नसतं. दुसरा डोस मेच्या मध्यापर्यंत झालेला असला की जूनच्या पहिल्या चिखलापर्यंत संरक्षण तयार होतं. पॅकेज ऑगस्टमध्ये घेतलं म्हणून पुढचा लेप्टो बूस्टर ऑगस्टलाच, असा हिशेब क्लिनिकच्या सॉफ्टवेअरला सोयीचा असतो, पावसाला नाही. तो अलीकडे ओढून घ्यायला सांगा.

रेबीजची पहिली लस बारा आठवड्यांनंतर. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांमधून धोका कायम असल्याने दोन ते चार आठवड्यांनी दुसरा डोस देणं शहाणपणाचं, मग वर्षाने बूस्टर.

लस टोचताना समोर उभं राहून बघा. डीएचपीपीआयची, म्हणजे डिस्टेंपर-पार्व्होच्या एकत्र लसीची, बाटली म्हणजे तळाशी चिकटलेली पांढरट वडी. ती सोबतच्या पातळ द्रावात, किंवा लेप्टोच्या पातळ लसीत, तिथल्या तिथे विरघळवायची आणि लगेच टोचायची. सकाळी विरघळवून सिरिंज भरून ठेवलेली लस संध्याकाळी कामाची उरत नाही. फ्रिज दोन ते आठ अंशांचा हवा, बाटल्या दारात किंवा बर्फाच्या खणाला चिकटून नकोत, आणि वीज जाते त्या भागात बॅकअप काय, हे विचारायला लाजू नका. टोचून झाल्यावर बाटलीवरचं स्टिकर, बॅच नंबर आणि एक्स्पायरीसह, पुस्तकात चिकटलं पाहिजे. शेजारी डॉक्टरची सही आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. पिल्लू विकणाऱ्याने ‘दोन लसी झाल्यात’ म्हणून दिलेल्या पुस्तकात नुसत्या तारखा असतील, तर त्या लसी झाल्याच नाहीत असं समजून नव्याने सुरुवात करायची. जादा डोसने बिघडत नाही, राहिलेल्या डोसने बिघडतं.

आणि लसी पूर्ण होईपर्यंत क्लिनिकच्या फरशीवर पिल्लू सोडू नका, मांडीवरच ठेवा. पार्व्हो महिनोन्‌महिने जमिनीवर टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. जागा आधी साबणाने घासून, मग एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी घेऊन दहा मिनिटं ओली ठेवावी लागते.

जंताच्या औषधाबाबतीत पॅकेजं कंजूष असतात. कुत्रीच्या पोटातून आणि दुधातूनच जंत पिल्लात उतरतात, म्हणून पहिला डोस दोन आठवड्यांच्या वयात, मांजराच्या पिल्लाला तिसऱ्या आठवड्यात. मग दर पंधरा दिवसांनी दूध सुटेपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, नंतर तीन महिन्यांनी. ‘वर्षात दोन डीवर्मिंग मोफत’ यात पिल्लाचं भागत नाही. गोळी त्या दिवशीच्या वजनावर ठरते: प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल एकत्र असलेल्या कुत्र्यांच्या नेहमीच्या गोळ्यांत दहा किलोला एक हे प्रमाण असतं. वाढत्या लॅब्राडॉरला मागच्या महिन्याच्या वजनाने गोळी दिली की डोस कमी पडतो आणि जंत उरतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, आणि तो पिसवांमधून येतो. पिसवा न मारता नुसती गोळी दिली तर महिन्याभरात तुकडे परत दिसतात.

एक गोष्ट पॅकेजमधून काढून टाका आणि तेवढे पैसे वळते करून मागा: कॅल्शियमचं टॉनिक. पाकिटावर ‘कम्प्लीट’ असं लिहिलेलं पिल्लांचं खाद्य खाणाऱ्या ग्रेट डेन, रॉटवायलर, जर्मन शेफर्डला वरून कॅल्शियम पाजलं तर हाडं भक्कम होत नाहीत, वाकडी होतात. ‘लिव्हर टॉनिक’ही त्याच टोपलीत.

गोचीड: पॅकेजच्या बाहेर ठेवलेला खरा खर्च

वर्षभराच्या प्रतिबंधक खर्चात सगळ्यात मोठा आकडा गोचीड-पिसवांच्या औषधाचा, आणि पॅकेजमध्ये बहुधा तोच नसतो. असलाच तर ‘टिक बाथ’ या नावाने. ती आंघोळ त्या दिवशी अंगावर असलेले गोचीड मारते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. आपल्याकडचा तपकिरी गोचीड घरात राहणारा प्राणी आहे; रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या भेगेत, सोफ्याच्या शिवणीत, दाराच्या चौकटीमागे हजारोंनी अंडी घालते आणि मरते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते त्यातले थोडे. एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन्ही ‘टिक फीव्हर’ याच गोचिडातून. म्हणून औषध सलग चालू राहायला हवं, पावसाळ्यापुरतं नव्हे.

चघळायच्या गोळ्यांमध्ये फ्लुरालानर (ब्राव्हेक्टो) बारा आठवडे चालते, अफॉक्सोलानर (नेक्सगार्ड) आणि सॅरोलानर (सिंपारिका) महिनाभर. ब्राव्हेक्टो जेवणासोबत द्यायची, रिकाम्या पोटी ती कमी शोषली जाते. या गटातल्या औषधांनी क्वचित झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१८ मध्ये दिला आहे. फिट्सचा इतिहास असलेल्या कुत्र्याला देण्याआधी डॉक्टरला तसं सांगा. गोळीमुळे गोचीड चावणं थांबत नाही, चावल्यावर मरतो. तेव्हा अंगावर एखादा मेलेला गोचीड दिसला म्हणून ‘गोळी चालली नाही’ असं नसतं.

मानेवर टाकायचं फिप्रोनिल (फ्रंटलाइन) स्वस्त आणि जुनं. ते केस बाजूला करून थेट कातडीवर टाकायचं, आणि आधी-नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नाही. पॅकेजमधली फुकट आंघोळ नेमकी दुसऱ्या दिवशी लावून दिली, तर औषधाचे पैसे मोरीत.

गाईम्हशींचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वस्तात टोचून देणारेही आहेत. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या मिश्र जातींत एका जनुकीय दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि जीव घेऊ शकतं. नको.

मांजराचं पॅकेज

मांजराचं पॅकेज म्हणजे बऱ्याचदा कुत्र्याच्या पॅकेजमधलं नाव बदललेलं असतं, आणि इथे आम्ही सगळ्यात कमी गुण देतो. मांजराला लागतात पॅनल्यूकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी यांची एकत्र लस (ट्रायकॅट, फेलिजेन या नावांनी मिळते) आणि रेबीज. वेळापत्रक तेच, शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर. ‘आमची मांजर घराबाहेर जातच नाही’ हे रेबीजच्या लसीला उत्तर नाही; बाल्कनीची जाळी एकदा फाटली तरी पुरे. नव्याने आणलेल्या मांजराची ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांमधला एचआयव्हीसारखा विषाणू) यांची तपासणी पॅकेजमध्ये असेल तर ते पॅकेज विचार करून केलेलं आहे, असं समजा.

लस कुठे टोचतात तेही बघा. मांजरात लसीच्या जागी फार क्वचित कॅन्सरची गाठ होऊ शकते. म्हणून दोन खांद्यांच्या मधोमध न टोचता पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत टोचतात आणि कुठली लस कुठे ते लिहून ठेवतात. टोचलेल्या जागी गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिन्यानंतर वाढतच असली, तर तुकडा काढून तपासायचा.

कुत्र्याचं कुठलंही गोचीड-पिसवांचं औषध उरलं म्हणून मांजराला लावू नका. त्यात असू शकणारं परमेथ्रिन मांजरासाठी विष आहे, अमिट्रॅझही. घरात कुत्रा आणि मांजर एकत्र झोपत असतील तर कुत्र्यालाही परमेथ्रिनचं औषध नको. फरशीला फिनेल नको, हे क्वचितच कोणी सांगतं: मांजर ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं, आणि फिनॉल तिच्या यकृताला पचवता येत नाही.

बोक्याच्या मालकाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं असं एक वाक्य: बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो आणि थेंबच येतात किंवा काहीच येत नाही, तर ते बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. पॅकेजमध्ये रात्रीची सेवा असतेच असं नाही, तेव्हा रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे तेव्हाच विचारून घ्या.

मधलं वय

दीड-दोन वर्षांपासून सात-आठपर्यंतच्या धडधाकट जनावराला पॅकेज घेण्यात फारसा अर्थ नाही. डिस्टेंपर-पार्व्होची लस पहिल्या वर्षाचा कोर्स नीट झाला असेल तर तीन वर्षांतून एकदाच पुरते, असं वसावा म्हणते. दरवर्षी लागते ती लेप्टो. रेबीजची मुदत लसीच्या लेबलवर एक किंवा तीन वर्षं असली तरी महापालिकेच्या परवान्यासाठी चालू सर्टिफिकेट लागतं, म्हणून ती वर्षाला घेणं सोयीचं. या दोन लसी, एक नीट तपासणी आणि चार वेळा जंताचं औषध, यांची सुटी बेरीज करून पॅकेजच्या आकड्याशेजारी मांडा. फरकाचे पैसे बहुधा ग्रूमिंगचे निघतात.

या वयात खरं काम दोनच, आणि दोन्ही घरी करायची. एक वजन. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण तळहात फिरवल्यावर पातळ थराखाली एकेक मोजता याव्यात. वरून पाहिलं तर कमर दिसावी. डॉक्टर शरीरयष्टीला नऊपैकी गुण देतात, त्यात चार-पाच हवेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या लॅब्राडॉरच्या प्रयोगात एकाच वेताच्या भावंडांपैकी पाऊण पोट खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगली. यापेक्षा स्वस्त प्रतिबंधक उपाय नाही, आणि तो कुणी पॅकेजमध्ये विकू शकत नाही. दुसरं दात: रोज, निदान एक दिवसाआड, कुत्र्यांच्या पेस्टने बाहेरच्या बाजूने घासणं. माणसांची पेस्ट नको, त्यात कुत्र्याला विषारी असलेलं झायलिटॉल असू शकतं. ग्रूमिंग पार्लरमध्ये भूल न देता केलेलं ‘डेंटल क्लीनिंग’ दात पांढरे करतं, पण किटण हिरडीच्या आत तसंच राहतं.

नसबंदीवरचा डिस्काउंट बघून वय ठरवू नका. लहान जातींत सहा महिन्यांच्या आसपास, मांजरात पाच महिन्यांपर्यंत. वीस किलोवर जाणाऱ्या कुत्र्यात वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण नऊ ते पंधरा महिने थांबणं सांध्यांसाठी बरं. मादी पुन्हा पुन्हा माजावर येत राहिली की स्तनांच्या गाठींचा आणि पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढत जातो, हे दुसऱ्या पारड्यात टाकायचं.

सीनियर पॅकेज

अपेक्षित आयुष्याचा शेवटचा पाव भाग म्हणजे म्हातारपण, असा अमेरिकेतल्या प्राण्यांच्या रुग्णालयांच्या संघटनेचा, ‘आहा’चा (AAHA), हिशेब. ग्रेट डेनसाठी ते सहाव्या वर्षी सुरू होतं, पॉमेरेनियनसाठी दहाव्या-अकराव्या, मांजरासाठी दहाच्या पुढे. इथून तपासणी वर्षातून दोनदा हवी, आणि इथेच बहुतेक पॅकेजं ‘सीबीसी, एलएफटी, केएफटी’ (रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या रक्तचाचण्या) लिहून थांबतात. लघवीची तपासणी नाही, ब्लड प्रेशर नाही.

केएफटीत मोजलं जाणारं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडाचं सुमारे तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. त्यातून म्हाताऱ्या मांजराचे स्नायू झडलेले असले की क्रिएटिनिन फसवं कमीच राहतं. लघवी पातळ होणं त्याआधी कळतं. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवीची घनता, मांजरात १.०३५ आणि कुत्र्यात १.०३० च्या वर असेल तर मूत्रपिंड पाणी राखतंय. ती रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर मोजलेली हवी. माणसांची लघवी तपासायच्या पट्टीवरचा तो रकाना जनावरांसाठी विश्वासाचा नाही. सकाळची पहिली लघवी, कुत्र्याची धार मध्यावर असताना स्वच्छ वाटीत, एक-दोन तासांत लॅबला किंवा तोवर फ्रिजमध्ये. मांजराची डॉक्टर पोटातून सुईने काढतात, आणि ते ऐकायला वाटतं तेवढं भयंकर नसतं.

रक्त आठ-बारा तास उपाशीपोटी (पाणी चालू ठेवून, डायबेटिसचं जनावर असेल तर उपाशी ठेवण्याआधी डॉक्टरला विचारून). ते माणसांच्या लॅबमध्ये जाणार असेल तर सोबत स्लाइड बघणारं कोणी आहे का ते विचारा. मांजराच्या प्लेटलेट्स गुठळ्या करतात आणि मशीन त्या कमी मोजतं. कुत्र्यात मात्र खरोखर कमी झालेल्या प्लेटलेट्स एर्लिकियाची पहिली खूण असू शकतात. आकडा एकच, अर्थ दोन, आणि फरक फक्त स्लाइडवर कळतो. भूक वाढूनही मांजर वाळत असेल तर थायरॉइडची टी-फोर तपासणी जोडून घ्या.

ब्लड प्रेशर घेण्याआधी मांजराला खोलीत पाच-दहा मिनिटं निवांत बसू द्यायचं, पहिलं रीडिंग सोडून द्यायचं, पुढच्या पाच-सात रीडिंगची सरासरी धरायची. वरचं प्रेशर सतत १६०च्या पुढे असेल तर डोळे, मूत्रपिंड, हृदय, मेंदू धोक्यात; म्हातारी मांजर अचानक आंधळी झाली असं वाटतं, तेव्हा अनेकदा प्रेशरने डोळ्याच्या आतला पडदा सुटलेला असतो. ज्या सीनियर पॅकेजमध्ये लघवी आणि प्रेशर दोन्ही आहेत ते घ्यावं. नसेल तर पॅकेज सोडून या दोन गोष्टी सुट्या करून घ्या.

पैसे भरण्याआधी

मुदत पहिल्या भेटीपासून धरतात की पैसे भरल्यापासून, जनावर मधेच गेलं किंवा तुम्ही गाव बदललं तर उरलेले पैसे मिळतात का, दर वेळी तोच डॉक्टर बघणार का, आणि लसीच्या ब्रँडचं नाव पावतीवर येणार का, एवढं लेखी घ्या.

मायक्रोचिप पॅकेजमध्ये असेल आणि घरात कुणी जर्मनी-नेदरलँड्सला जायच्या बेतात असेल, तर क्रम सांभाळा. चिप आयएसओ प्रमाणाची, पंधरा आकडी. ती आधी, रेबीजची लस त्यानंतर किंवा त्याच दिवशी. लसीनंतर निदान तीस दिवसांनी अँटिबॉडी तपासणीसाठी रक्त युरोपीय संघाच्या मान्य यादीतल्या लॅबला, निकाल ०.५ आययू प्रति मिलीलीटर किंवा वर, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबूनच प्रवास. चिपच्या आधी टोचलेली रेबीजची लस तिथे धरत नाहीत. मग लस, तीस दिवस आणि तीन महिने, सगळं पहिल्यापासून.